एका रकान्यात तीन सूर

११ फेब्रुवारी

छोट्या,

आशीर्वाद लिहू की नको यात पाच मिनिटं गेली, म्हणून नुसती हाक मारून सुरुवात करते. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणं बरं दिसत नाही, पण दुसऱ्या कशाने मी तुला कधी बोलावलेलं नाही. आता कुठे शिकू?

अक्षर बघून घाबरू नकोस. दोन वर्षं उजवा हात थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही. मी म्हटलं, जिवाचं कोण विचारतंय, गजाचं बोला. ते हसले. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईचा हात थरथरतो यात हसण्यासारखं काय ते मला कळलं नाही. शिकवण्या बंद केल्या. व्हायोलिन पेटीत आहे. चाळीस वर्षं दुपारी तीन ते सात या घरात कोणीतरी काहीतरी बेसूर वाजवत असायचं. आता तीन वाजले की मी उठून खिडकी लावते. कशासाठी ते मलाच ठाऊक नाही.

तीन वर्षांपूर्वी फोनवर मी तुला जे बोलले त्याबद्दल हे पत्र नाही. बाप गेला आणि मुलगा आला नाही, तर आई बोलणारच. तुझ्या तीन फ्लॉपी डिस्क लिफ्टच्या खड्ड्यात गेल्या, तुझं गाणं गेलं, मान्य आहे. पण तीन डिस्कांपायी माणूस बापाशी बावीस वर्षं बोलत नाही? जाऊ दे. लिहिणार नाही म्हटलं आणि लिहिलंच.

विचारायचंय ते एवढंच. तुझं ते शेवटचं गाणं, जे तू स्पर्धेला पाठवणार होतास, त्यात साधारण मिनिटभराने तीन सुरांचा एक झुबका यायचा. काचेचे मणी फरशीवर सांडावेत तसा भुरभुरता. आणि तो झुबकाच्या झुबका वर सरकत जायचा. ते तू कसं करायचास? उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल. सहज विचारतेय.

आई


३ मार्च

छोट्या,

उत्तर नाही. ठीक. पत्र परतही आलं नाही, तेवढ्यावर मी दुसरं लिहायला बसले आहे.

चौकात झेरॉक्सचं दुकान आहे. ते चालवणारी बाई कॉम्प्युटरही दुरुस्त करते. पन्नाशीची असेल, एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. मी तिला म्हटलं, पंचवीस वर्षांपूर्वी मुलं ज्यावर टिंगटिंग गाणी करायची तसलं काहीतरी हवंय. ती म्हणाली, "ट्रॅकर म्हणा की आजी. अजून मिळतात." तिने एक जुना कॉम्प्युटर पुसून दिला, त्यात ट्रॅकर घालून दिला आणि घरी येऊन जोडूनही दिला. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण खटपट्या स्वभावाची आहे. मला अशी माणसं आवडतात.

आता मी तुझ्या खोलीत बसते. टेबल तेच आहे.

पहिल्या दिवशी पडदा उघडला तेव्हा मला वाटलं आगगाडीचं वेळापत्रक उघडलं. नुसते रकाने आणि आकडे. कागदावर सूर डावीकडून उजवीकडे जातात, इथे ते वरून खाली उतरतात. एक ओळ म्हणजे तालाचा एक तुकडा. सूर, वाद्याचा क्रमांक, आवाज किती, आणि शेवटी एक करामतीचा रकाना. मोजणीही वेगळीच, नऊनंतर दहा न येता A येतो. मी बाईंना म्हटलं, हे मोजणं कुणाच्या सासूने काढलं? त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी या घरात कोणीतरी हसलं.

पण एक सांगते. थरथरता हात इथे अडत नाही. बोट कळीवर पडायला दोन क्षण उशीर झाला तरी सूर जिथे लिहायचा तिथेच लिहिला जातो. गज असा कधी वाट बघत नाही.

तुझी चाल मी नऊ दिवसांत लिहून काढली. खर्ज आणि तालही लिहिला. एकही सूर शोधावा लागला नाही, मला सगळं पाठ आहे. भिंत पातळ होती, एवढंच.

आई


२९ मार्च

छोट्या,

झुबक्याशी येऊन अडले आहे.

तुला हे सांगणं म्हणजे लोहाराला हातोडा दाखवणं, पण कोणाला तरी सांगायला हवं आणि झेरॉक्सवाली सध्या परीक्षांच्या गर्दीत आहे. तुझ्या वेळी चारच पट्टे होते, म्हणजे आवाजाच्या चारच वाटा, आणि एका पट्ट्यात एका वेळी एकच सूर. चाल, खर्ज आणि ताल यांनी तीन पट्टे खाल्ले. मग उरलेल्या एकात तीन सूर कसे बसवायचे? करामतीच्या रकान्यात ०४७ लिहायचं. मशीन मूळ सूर, त्याच्यापासून हार्मोनियमच्या चार पट्ट्या वरचा आणि सात पट्ट्या वरचा असे तिन्ही आळीपाळीने इतक्या भराभर वाजवतं की कान फसतो आणि तीन एकत्र ऐकू येतात. हे मला पहिल्याच दिवशी जमलं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं.

सूर सरकवायचा तर एकने सुरू होणारा आकडा लिहायचा. तेही जमलं. सरकणं मला माहीत आहे, जन्मभर तारेवर बोट सरकवलंय.

पण दोन्ही एकदम होत नाही. रकाना एकच आहे. झुबका लिहिला तर तो जागच्या जागी भुरभुरतो. सरकवला तर झुबका विरतो आणि एकटा सूर भुंग्यासारखा गुणगुणत वर जातो. एका ओळीत झुबका, पुढच्या ओळीत सरक, असं आलटून पालटून लिहून बघितलं, तर उचकी लागलेल्या माणसाने गायल्यासारखं झालं. सतरा दिवस मी हेच करते आहे.

तू एकोणीस वर्षांचा होतास, शिकवायला कोणी नव्हतं. आणि तू ते केलंस.

एवढं मी तुला तेव्हा म्हणायला हवं होतं का? तेव्हा तू व्हायोलिनच्या परीक्षेला बसावंस एवढंच मला दिसत होतं. चार वर्षांचा असल्यापासून हातात दिलं होतं. पंधरा वर्षांची मेहनत. आईला तेवढं दिसणारच.

लंबूकाका काल येऊन गेले. तुझ्या बाबांचे लिफ्टच्या कामातले जोडीदार, विसरला नसशील. पाठीतून वाकले आहेत, तरी दारातून आत येताना सवयीने मान खाली घालतात. "वहिनी, हा काय आवाज चाललाय, लिफ्टची घंटी बिघडली काय?" म्हणाले. मी सांगितलं, छोट्याचं गाणं आहे. ते उठले. चहा अर्धा ठेवून गेले.

आई


२१ एप्रिल

छोट्या,

आठ दिवस मशीनला हात लावला नाही. अंथरुणातून उठायचं म्हणजे कशासाठी उठायचं ते आधी ठरवावं लागतं. मी छताकडे बघत पडून राहते. परवा झेरॉक्सवाली येऊन दार वाजवत राहिली, मी उठले नाही. तिने मग खालच्यांकडे चौकशी केली, आजी जिवंत आहेत ना. जिवंत आहे असं त्यांनी सांगितलं म्हणे. माझी खात्री त्यांच्याइतकी नाही.

तुझ्या बाबांचा विचार येतो. सूर आणि सुरी यातला फरक न कळणारा माणूस. चाळीस वर्षं व्हायोलिन ऐकत जेवला, पण कोणतीही धून सुरू झाली की विचारायचा, "ही कालचीच ना?" तू काय करतोस ते त्यांना कधीच कळलं नाही. तुझ्या दाराशी उभं राहून म्हणायचे, "झकास चाललंय," आणि जायचे.

त्यांचं दुखणं सहा आठवडे चाललं. तुला कळवायला उशीर झाला हे खरं आहे. धावपळीत राहून गेलं.

वाईट वाटून घेऊ नकोस, असं लिहिणार होते. पण तुला वाईट वाटतंय की नाही हेच मला माहीत नाही. तुझा आवाज तीन वर्षांत ऐकलेला नाही. त्याआधी वर्षातून दोनदा ऐकायचे. "कशी आहेस", "बरी आहे", "बरं". तेवढ्यावर मी सहा महिने काढायचे.

आई


१६ मे

छोट्या,

जमलं.

उत्तर रकान्यात नव्हतंच. मी महिनाभर चुकीच्या दारावर धडका देत होते. झुबका वाद्यातच शिवून टाकायचा. वाद्य बनवतानाच त्याच्या पोटात शून्य, चार, सात हे तीन आकडे फिरते ठेवायचे. मग ते वाद्य कोणताही सूर वाजवो, तीनच वाजवतं, आणि करामतीचा रकाना रिकामा राहतो. त्यात सरक लिहायची. तिन्ही सूर एकमेकांचा हात धरून वर जातात, एकही मागे राहत नाही. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी टेबलाला धरून उभी राहिले.

तरी ते तुझं नव्हतं. तुझा झुबका वर जाताना मध्यावर रंग बदलायचा. मधला सूर एक पट्टी उतरायचा, हसता हसता चेहरा पडावा तसा. मग मी दुसरं वाद्य केलं, शून्य, तीन, सात. आणि सरक चालू असतानाच नवा सूर न लिहिता नुसता वाद्याचा क्रमांक बदलला. झालं. शिवण दिसतसुद्धा नाही.

तरीही काहीतरी खुपत होतं. माझी सरक एकसारखी चढायची. तुझी शेवटाकडे धावायची, काठाशी आल्यावर कोणी धक्का दिल्यासारखी. तीन दिवस आकडे बदलले. शेवटी झेरॉक्सवालीने कुठूनतरी शोधून काढलं की जुनी मशीनं सूर वेगळ्या हिशेबाने मोजायची, त्यामुळे जितकं वर जावं तितकी सरक वेगाने होते. ट्रॅकरमध्ये तसा एक खटका आहे. तिने तो दाबला. मी डोळे मिटून ऐकलं. पंचवीस वर्षांपूर्वीची दुपार जशीच्या तशी.

बाई म्हणाल्या, "आजी, रडताय का?" मी म्हटलं, डोळ्यांना पडद्याचा त्रास होतो.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये पूर्ण गाणं आहे. गेलेलं परत मिळत नाही असं लोक म्हणतात. हे घे. मिळालं. आता बाबांनाही माफ करून टाक. माणूस गेल्यावर राग ठेवून काय करायचं?

आई


९ जून

छोट्या,

तुझं पत्र आलं. पंचवीस वर्षांतलं पहिलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते तासभर फोडलंच नाही.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला नक्की देता येत नाही. इतकी वर्षं झाली. बाबांनी तुला काम करताना बघितलं असेल. तू कोणती डिस्क कशात घालतोस यावर त्यांचं लक्ष असेल. लिफ्टवाल्या माणसाची नजर बारीक असते. बाकी मी काय सांगू?

गाणं आवडलं की नाही ते तू लिहिलं नाहीस.

आई


१२ जून

नऊ तारखेचं पत्र फाडून टाक. ते खोटं आहे.

तुझं पत्र समोर ठेवूनच लिहिते, म्हणजे कुठे पळता येणार नाही. तू लिहिलंस, "आई, एकही सूर चुकलेला नाही. मधला सूर कुठे उतरतो तेही बरोबर आहे. म्हणजे तू ऐकत होतीस. मला आयुष्यभर वाटत आलं की त्या घरात ते कोणी ऐकलंच नाही. खोक्यात चाळीस डिस्क होत्या, बहुतेक खेळांच्या, आणि मी त्यांच्यावर नुसते आकडे लिहायचो. गेल्या त्या नेमक्या तीन. बाबांना सूर कळत नव्हता. त्या कोणत्या हे कोणाला माहीत होतं?"

मला. मला माहीत होतं.

एका दुपारी माझ्यासमोर माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी वाजवत होती. भिंतीपलीकडून तुझा झुबका वर सरकला. तिने गज तारेवरून उचलला. "बाई, हे काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही, मशीन आहे. तू वाजव." ती वाजवेना. तिने पुन्हा विचारलं, "पण बाई, हे किती छान आहे." दहा वर्षं मी तिला शिकवत होते. माझं ऐकून तिने कधी असा गज उचलला नव्हता.

तू विचारशील, एवढ्यासाठी? हो. मी वाद्यवृंदात बावीस वर्षं दुसऱ्या रांगेत बसले. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाजवलं. माझ्या डोक्यातून स्वतःचा असा एक तुकडा कधी निघाला नाही. मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. कपाटात वह्या होत्या, त्या मी जाळल्या. आणि तू त्या खेळण्यावर, माझी परीक्षा सोडून, माझ्या व्हायोलिनकडे ढुंकून न बघता, असं काही केलंस जे मी जन्मात केलं नसतं. ते चांगलं आहे हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ते फालतू वाटलं असतं तर मी हात लावला नसता. तू परीक्षेला बसावंस म्हणून केलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि इतकी वर्षं सांगत राहिले, की शेवटी ते मलाच खरं वाटायला लागलं. तुझ्या पत्राने ते काढून घेतलं. बरं केलंस.

मंगळवार होता. तू बाहेर गेला होतास. तू काम करताना मी चहा घेऊन यायचे तेव्हा कोणत्या डिस्क आहेत ते बघून ठेवलं होतं. सात, आठ आणि एकोणीस. तुझ्या मशीनला स्वतःची साठवण नव्हती, डिस्क गेल्या की सगळं गेलं, हे तूच मला कौतुकाने समजावून सांगितलं होतंस. लिफ्ट आपल्या मजल्यावर उभी होती. लिफ्ट आणि जमीन यांच्यामध्ये बोटभर फट असते. त्या फटीतून एकेक करून सोडल्या. तिसरी पडल्याचा आवाज आला नाही. मी बराच वेळ उभी राहून ऐकत होते.

तू दोन दिवस घर उलथंपालथं केलंस. मी तुला शोधायला मदत केली. गादी उचलून बघितली मी, छोट्या. तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी आपल्याच इमारतीच्या लिफ्टची तपासणी होती. तुझे बाबा खड्ड्यात उतरले आणि तेलात भिजलेल्या तीन डिस्क घेऊन वर आले. रुमालात गुंडाळून. त्यांनी त्या टेबलावर ठेवल्या. तू ओरडलास, "कोणी केलं हे?" मी गज हातात धरून दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा सूर लागेल तेवढाच. मग म्हणाले, "मी."

पुढचं तुला माहीत आहे. तू काय काय बोललास, ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि तू पिशवी भरून गेलास.

तू गेल्यावर मी स्वयंपाकघरात त्यांना विचारलं, "असं का केलंत?" ते हात धूत होते, तेल निघत नव्हतं. म्हणाले, "माझ्याशी नाही बोलला तर काय बिघडतंय. आम्ही तसंही काय बोलतो? तुझ्याशी तोडलं तर त्या पोराला घर राहणार नाही. महिन्याभरात निवळेल." त्यांना वाटलं महिनाभर. मग मी सांगेन असं त्यांना वाटलं. त्यांनी मला कधीही विचारलं नाही, सांगितलंस का. एकदाही नाही. ते विचारतील म्हणून मी पहिलं वर्ष घाबरत काढलं, आणि पुढची एकवीस वर्षं ते विचारत नाहीत म्हणून.

आता शेवटचं. हे लिहून झालं की माझ्याकडे लपवायला काही उरणार नाही.

त्यांचं दुखणं सहा आठवडे चाललं आणि ते राहून गेलं, असं मी तुला एप्रिलमध्ये लिहिलं. राहून गेलं नाही. रोज फोन हातात घेत होते. तू आला असतास, त्यांच्या खाटेजवळ एकटा बसला असतास, आणि मरणाऱ्या माणसाने शेवटी खरं सांगून टाकलं असतं. त्याला मी भ्याले. वॉर्डाबाहेर लिफ्ट होती. तिचं दार उघडलं की ते मान वळवायचे. मला वाटायचं, जुन्या कामाची सवय. पाचव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "कळवलंस ना?" मी म्हटलं, "कळवलं. निघतोय." त्यानंतरचे अकरा दिवस ते दर वेळी मान वळवत राहिले. तू निघालायस असं समजून ते गेले.

आणि मग मी तुला फोन केला, आणि तू अंत्यसंस्काराला पोचणार नाही म्हणालास तेव्हा तुला बोलले, कसला मुलगा आहेस तू.

माफी मागत नाही. ती कुठल्या तोंडाने मागायची ते मला सुचत नाही.

आई


२८ जुलै

छोट्या,

सात आठवडे झाले. तू लिहिणार नाहीस हे मला पटलेलं आहे, तरी टपालवाला दुपारी येतो तेव्हा मी जिन्यात असते. त्याने आता माझ्याकडे बघणं सोडलंय. लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

गाणं मी मशीनवरून पुसलं. माझ्याकडे ते असू नये असं वाटलं. तुझ्याकडची प्रत तेवढी आहे. तिचं काय करायचं ते तुझं तू ठरव, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही.

झेरॉक्सवालीने विचारलं, "आजी, आता स्वतःचं काहीतरी करा ना. हात बसलाय तुमचा." मी रिकामा पडदा उघडून तीन दुपारी बसले. चौसष्ट ओळी, सगळ्या रिकाम्या. काही नाही आलं. एक सूरसुद्धा नाही. यायचं असतं तर पन्नास वर्षांपूर्वीच आलं असतं.

कॉम्प्युटर तिला परत केला.

आई


१९ सप्टेंबर

छोट्या,

काल तू येऊन गेलास.

मला आज सकाळी कळलं. लंबूकाका आले, दारातच उभे राहिले, आत बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाले, "वहिनी, तुमच्यापासून लपवणं मला जमणार नाही. छोट्या काल माझ्याकडे आला होता. तीन तास होता."

ते राहतात ती खोली माझ्या खिडकीतून दिसते. अंगणाच्या पलीकडे, दुसरा मजला. मी काल दिवसभर घरातच होते. दुपारी खिडकीत बसून डाळ निवडत होते. तू अंगणातून गेला असशील. मी एका टक्कल पडलेल्या, रुंद खांद्याच्या माणसाला जाताना बघितलं, गोदामात काम करणाऱ्यासारखा चालत होता, दोन्ही हात अंगापासून लांब ठेवून. मला वाटलं, वीजमीटरवाला. तो तू होतास का? मी काकांना विचारलं, टक्कल पडलंय का त्याला? ते म्हणाले, हो.

मी तुला ओळखलं नाही.

त्यांनी सगळं सांगितलं. तू बाबांबद्दलच विचारत होतास. कामावर कसे होते, काय खायचे, कोणाची थट्टा करायचे. काकांनी तुला सांगितलं म्हणे, की खड्ड्यात उतरले त्या दिवशी तेही सोबत होते. डिस्क बघून बाबा तिथेच तेलात बसले होते आणि म्हणाले होते, "हे वर नेऊच नये असं वाटतंय." हे मलाही माहीत नव्हतं. काका पंचवीस वर्षं माझ्याकडे येऊन चहा पीत होते, आणि त्यांना ठाऊक होतं.

मग तू त्यांच्यासोबत कबरीवर गेलास. उकिडवा बसलास आणि दगडाभोवतीचं गवत उपटत राहिलास, हात हिरवे होईपर्यंत. मग तिथल्या नळावर हात धुतलेस.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही?"

काका टाळत होते. मी दार अडवून उभी राहिले. शेवटी म्हणाले, "निघताना विचारलं त्याने. आई कशी आहे, म्हणून."

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, बऱ्या आहेत. हात थरथरतो. शिकवण्या बंद केल्या."

"आणि तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"बरं म्हणजे कसं? वर गेला की खाली? शेवट लांबवला का? थांबून म्हणाला, की लगेच?"

ते गोंधळले. मी म्हटलं, "तुम्ही म्हणून दाखवा. जसं तो म्हणाला तसं." त्यांनी म्हणून दाखवलं. मी म्हटलं, असं नसेल, पुन्हा म्हणा. त्यांनी चार वेळा म्हटलं, चारही वेळा वेगळं. ते बिचारे तुझ्या बाबांचेच जोडीदार. त्यांचे डोळे भरून आले. "वहिनी," म्हणाले, "मला नाही हो येत ते. बरं म्हणाला आणि गेला."

आई